चाळीस टक्के

आपण विद्यार्थी माणसे टक्क्यांच्या राज्यात राहतो. ३५ टक्के मिळाले की जीव भांड्यात पडतो, ६० मिळाले की घरी पेढे येतात आणि ७५ टक्के हजेरी भरली नाही की सूचना फलकावर नाव झळकते. माझे नाव त्या फलकावर गेली दोन वर्षे न चुकता लागत आले आहे. वर्गातल्या मैत्रिणी चेष्टेने म्हणतात, "तुझी मजा आहे बाई, मनात आले की घरी!" मी हसते. एका सरांनी भर वर्गात विचारले होते, "काय, पाहुण्या म्हणून आलात का आज?" तेव्हाही मी हसलेच. हसणे सोपे असते. खरे सांगायला बसले, तर तास संपून जाईल, ही भीती वाटते. वार्षिकांकाला मात्र तासाची घंटा नसते. म्हणून आज इथे माझ्या गैरहजेरीचा खुलासा लिहायला बसले आहे.

मला सिकलसेल आहे. सिकल म्हणजे विळा. धानाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला विळा समजावून सांगावा लागत नाही. निरोगी माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल, लवचीक असतात आणि सुमारे १२० दिवस जगतात. माझ्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात आणि जेमतेम दहा-वीस दिवस टिकतात. म्हणून अंगात रक्त कमी. आणि त्या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत एकीत एक अडकून वाट अडवतात. वाट जिथे अडते, तिथे दुखणे उठते. कधी गुडघ्यात, कधी पाठीत, कधी छातीत. ते कसे असते हे मला नीट सांगता येत नाही. मराठीचा वर्ग पाच वर्षे केला, पण त्या दुखण्याला पुरेल असे विशेषण सापडलेले नाही. थंडी, पावसात भिजणे, ताप, तहान, अतिश्रम ही त्याची कारणे. आमच्या गावी रोवणीच्या दिवसांत ही सगळी कारणे एकाच बांधीत भेटतात.

हा आजार कुठून आला, हे मी पुढे ग्रंथालयात बसून वाचले. १९१० साली अमेरिकेतल्या शिकागोत डॉ. हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात या विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. भारतात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत तो प्रथम आढळला, आणि १९५८ साली नागपूरकडच्या लोकांत त्याची नोंद झाली. म्हणजे शास्त्राला आमच्या भागाची ओळख पटली, तेव्हा माझे आजोबा पोरसवदा असतील. त्यांच्या दोन बहिणी लहानपणीच 'अंगदुखीने' वारल्या, असे घरात सांगतात. एवढीच त्यांची केस-हिस्टरी.

आणखी एक गोष्ट वाचली आणि पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिले. ज्याच्यात हा दोष एकाच पालकाकडून आलेला असतो, तो वाहक. त्याला सहसा काही त्रास होत नाही, उलट जीवघेण्या हिवतापापासून त्याचे काहीसे रक्षण होते. अ‍ॅलिसन नावाच्या संशोधकाने १९५४ साली आफ्रिकेत हे दाखवून दिले. म्हणजे डासांच्या रानात जे पूर्वज तगले, त्यांना तगवणाऱ्या गोष्टीनेच मला आडवे पाडले आहे! दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक बाळंतपणी मूल आजारी निपजण्याची शक्यता २५ टक्के. पुन्हा टक्केच. माझ्या आईबाबांना त्यांच्या लग्नाआधी हे कुणी सांगितले नव्हते. सांगणारे कुणी गावात नव्हतेच.

२०१८ साली मी आठवीत असताना शाळेत रक्ततपासणीचे पथक आले. बोटाला सुई टोचली, आणि पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पक्की तपासणी होऊन कागदावर 'एस.एस.' ही दोन अक्षरे आली. बाबा तो कागद घडी करून खिशात घालत म्हणाले, "गावात बोलायचं नाही." मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. घरात दोन मुली. आजार रक्ताचा. आमच्याकडे 'रक्त' या शब्दाला 'घराणे' हा दुसरा अर्थ चिकटलेला आहे. मग मी जेव्हा जेव्हा आजारी पडले, तेव्हा तेव्हा शेजारी 'पोरीले कावीळ झाली', 'हिवताप आला', 'वात धरला' अशी उत्तरे गेली. दवाखान्याचे केसपेपर मात्र आई एका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवत असे.

ती पिशवी २०२१ साली चुलीत गेली. ताईला पाहायला पाहुणे येणार होते. फडताळावरची पिशवी कुणाच्या नजरेस पडली, तर? आईने आदल्या संध्याकाळी ती पेटत्या चुलीत टाकली आणि त्याच जाळावर भाताचे आंधण ठेवले. मी शेजारीच तांदूळ निवडत होते. मला बरेच वाटले होते. कागद गेले, आता आजारही गेल्यासारखाच, असे काहीसे वेडे मनात आले. ताईचे लग्न झाले.

पुढची गोष्ट २०२४ सालची. हजेरी कमी पडली म्हणून मला विभागात बोलावणे आले. मी नेहमीप्रमाणे 'ताप होता' म्हणाले. मॅडमनी माझ्या डोळ्यांकडे पाहिले. माझे डोळे बऱ्याचदा पिवळट असतात. दार लोटून घेत त्या म्हणाल्या, "हे बघ, खरं सांगितलंस तर मला काहीतरी करता येईल. खोट्याला माझ्याकडे औषध नाही." आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर कुणापुढे तो शब्द मी उच्चारला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलंस का?"

मला हसू आले. दिव्यांग? मी? माझे हातपाय धड आहेत, डोळे-कान शाबूत आहेत. पण कायदा बदलला आहे, हे मला ठाऊक नव्हते. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार २१ झाले. त्यात थॅलेसीमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तीन आजार आले. सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासून ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरवले, की बहुतेक सवलती आणि मदत त्यानंतर सुरू होते. उच्च शिक्षणातल्या पाच टक्के राखीव जागांवर मग हक्क सांगता येतो. गरीब घरातल्या दिव्यांगाला संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दरमहा अर्थसाहाय्यही मिळते. आपल्या राज्यातली ही योजना १९८० सालची आहे. म्हणजे बाबांच्या वयाची.

त्या रात्री मी घरी विषय काढला. बाबा जेवता जेवता थांबले. म्हणाले, "एकदा सरकारी कागदावर चढलं का पुसता येत नाही, पोरी." आई काहीच बोलली नाही. ती चुलीकडे पाहत होती.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. तालुक्याच्या बस स्टँडसमोर एका झेरॉक्सच्या दुकानात ते काम होते. फोटो, सही, आधार, रहिवासी पुरावा सगळे झाले आणि मोबाइलवर एक आकडा येणार, तो सांगा, असे दुकानदार म्हणाला. मोबाइल बाबांचा, बाबा शेतात, शेतात रेंज नाही. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला अर्ज गेला, तेव्हा त्या मुलाने फॉर्ममधला 'दिव्यांगत्वाचा प्रकार' हा रकाना मोठ्याने वाचला. मागे रांगेत आमच्या गावचे दोघे उभे होते. सहा वर्षे जपलेले गुपित असे झेरॉक्सच्या दुकानात फुटले. आभाळ काही कोसळले नाही. एकाने एवढेच विचारले, "मंग हे मजुरीले जात नाय ते त्याच्यानंच काय?"

तपासणीच्या दिवशी पहाटेची एस.टी. पकडून मी आणि आई जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. बाकांवर माणसे दाटीने बसली होती. कुणाला कुबड्या, कुणी काठी टेकत, एक आई आपल्या मोठ्या मुलाला मांडीवर घेऊन. शेजारी एक पाय गुडघ्यापासून नसलेले म्हातारबा होते. त्यांनी आपुलकीने विचारले, "कोनासोबत आली व बाई?" मी त्यांना कुणाची तरी सोबतीण वाटले होते! मी म्हणाले, "मीच आहे." ते माझ्याकडे नखशिखान्त पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "आमचं बरं हाय. दिसते. तुमचं सांगा लागते." एवढ्या थोड्या शब्दांत माझी अडचण आजवर दुसऱ्या कुणी मांडलेली नाही.

त्या दिवशी माझी प्रकृती उत्तम होती, हीच पंचाईत झाली. महिनाभर दुखणे उठले नव्हते. आईने सणासुदीसारखी वेणी घालून दिली होती. आत गेले तर डॉक्टरांनी विचारले, "वर्षात किती वेळा भरती झालीस? रक्त किती वेळा चढवलं? हाडाचा, फुप्फुसाचा काही त्रास? कागद दाखव." माझ्यापाशी तपासणीच्या अहवालाची एक नक्कल आणि अलीकडच्या दोन चिठ्ठ्या होत्या. मी तोंडी सांगू लागले. ते डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बेटा, तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. पण मला कागदावर असेल तेवढंच लिहिता येतं." त्यांनी ३० टक्के लिहिले.

आयुष्यात मी पहिल्यांदा नापास झाले, तेही आजारात! परतीच्या एस.टी.त आई खिडकीशी बसून रडत होती. ३० टक्के मिळाले म्हणून ती रडत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे ती चूल होती. "माह्याच हातानं जाळले," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. बरी दिसावी म्हणून जे कागद जाळले, आजारी आहे हे पटवायला तेच कागद हवे होते. आमच्यासारख्या किती घरांत हा हिशेब असाच उलटा बसला असेल, कोण जाणे!

कायद्यात अपिलाची सोय आहे. पण अपील म्हणजे पुन्हा कागद. मग मी आणि आई माझ्या दुखण्याचा इतिहास गोळा करायला निघालो. इतिहासाचे सर आम्हांला शिकवतात, की साधने नष्ट झाली, तर दुय्यम साधने शोधावीत. आमचे पहिले साधन गावच्या आशाताईंच्या वह्या. त्या बाईंनी वर्षावर्षांच्या वह्या पेटीत जपून ठेवल्या होत्या. कोणत्या तारखेला मला गाडीतून नेले, कोणत्या दवाखान्यात पोचवले, सगळे त्यांच्या बारीक अक्षरात होते. त्या तारखा घेऊन आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो, तिथून ग्रामीण रुग्णालयात. एका कारकुनाने 'जुनी रजिस्टरं काढायला माणूस नाही' म्हणून दोनदा परत पाठवले. तिसऱ्यांदा आई त्याच्या टेबलासमोर खाली बसली आणि म्हणाली, "मी काढतो, बापू. तू फक्त खोली दाखव." तिला वाचता येत नाही. ती धूळ झटकून रजिस्टरे काढी आणि मी तारखा पाही. रक्तपेढीतून पाच पिशव्या रक्ताची नोंद मिळाली. भरतीच्या अकरा नोंदी सापडल्या. एका नोंदीपुढे छातीच्या दुखण्याने ऑक्सिजन लावल्याचे लिहिले होते. मला ते आठवतही नव्हते. आईला आठवत होते. ती म्हणाली, "त्या राती तू मले वळखत नव्हती."

ते सगळे एका फाइलीत लावताना मनात एक चमत्कारिक भावना आली. माझ्या आयुष्यातल्या वाईट दिवसांची ती गाथा होती आणि मी ती जास्तीत जास्त वाईट दिसावी, म्हणून धडपडत होते. एरवी आपण आपले चांगले तेवढे पुढे करतो. इथे उलटे. आपण किती निकामी आहोत, हे पुराव्यानिशी सिद्ध करायचे आणि तेही ताठ मानेने! शिवाय रोज स्वतःला समजवायचे, की ही फाइल म्हणजे मी नव्हे. वक्तृत्वात बक्षीस मिळवलेली, ग्रंथालयात रमणारी, अकरा वेळा भरती होऊनही एकही वर्ष वाया जाऊ न दिलेली मुलगी त्या फाइलीत कुठेच नव्हती. तिला तिथे रकाना नव्हता.

२०२५ च्या सुरुवातीला दुसऱ्यांदा तपासणी झाली. या वेळी वेणी साधी होती. नवे डॉक्टर एकेक पान उलटत गेले. बाहेर आले, तेव्हा आई दाराशीच उभी होती. तिने विचारले, "पास झाली काय व?"

"झालो," मी म्हणाले. "४५."

तिचा चेहरा उजळला. आणि क्षणात तिला कळले, आपण कशाचा आनंद मानला. आम्ही दोघी त्या व्हरांड्यात एकमेकींकडे पाहत उभ्या राहिलो. मग ती हसली, मीही हसले, आणि नंतर काय झाले ते लिहीत नाही.

प्रमाणपत्राला मुदत आहे. दिव्यांगत्व कमीजास्त होण्याचा संभव असेल तिथे तशी मुदत घालतात. म्हणजे हीही परीक्षा पुन्हा द्यायची आहे. त्यानंतर तहसील कार्यालय. तलाठ्याचा अहवाल, रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला. दिव्यांगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये. दोन एकर धान आणि रोजमजुरी यांत आम्ही त्या रेघेच्या अलीकडेच आहोत, याचाही त्या दिवशी मला आनंद झाला. माणसाला कशाकशाचा आनंद होऊ शकतो, हे या वर्षाने शिकवले. अर्ज मंजूर झाला. २०२३ पासून हे अनुदान महिना १५०० रुपये होते, आणि २०२५ साली दिव्यांगांसाठी ते २५०० करण्याचा निर्णय झाला. दरवर्षी हयातीचा दाखला मात्र द्यावा लागतो. मी जिवंत आहे, असे कुणीतरी सहीशिक्क्यानिशी लिहून द्यायचे. पहिल्या पैशांतून मी एक जाड स्वेटर आणि पाणी गरम राहील अशी बाटली घेतली. ज्यांना हा आजार आहे, त्यांना ही चैन नाही, हे ठाऊक असेल.

सगळे छान झाले, असे मात्र नाही. कायदा पुढे वाचला, तर सरकारी नोकरीतल्या चार टक्के राखीव जागांच्या यादीत अंध, कर्णबधिर, चलनवलनाचे दिव्यांगत्व, मनोविकार वगैरे आहेत, रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे महाविद्यालयाच्या दारात मी दिव्यांग आणि नोकरीच्या दारात धडधाकट! ज्या महिन्यात चार दिवस उठता येत नाही, त्या महिन्याचा पगार कोण देईल, याचे उत्तर त्या कागदात नाही. पण ४५ टक्क्यांच्या त्या कागदाने एक केले. आमच्या घरातले खोटे संपवले.

बाबांनी एक दिवस ते प्रमाणपत्र मागून घेतले आणि बराच वेळ वाचले. मग म्हणाले, "ताईले सांगा लागन." मी तेच कित्येक महिने मनात घोळवत होते. ताई वाहक असू शकते. भाऊजीही असू शकतात. दोघांच्या रक्ताची साधी तपासणी झाली, तर पुढच्या जिवाचा २५ टक्क्यांचा जुगार डोळे मिटून खेळावा लागणार नाही. बाबा स्वतः ताईच्या सासरी गेले. चहा होईपर्यंत थांबून, विहिणीदेखत त्यांनी सांगितले. काय बोलणे झाले, हे त्यांनी घरी सांगितले नाही. इतकेच म्हणाले, "बोललो." ताई आणि भाऊजी तपासणी करून आले. निकाल त्यांचा आहे. तो लिहिण्याचा अधिकार मला नाही.

तर मित्रमैत्रिणींनो, हा माझ्या गैरहजेरीचा खुलासा. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने २०४७ पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाचे अभियान सुरू केले आहे. तोवर मी ४२-४३ वर्षांची होईन. निर्मूलन रोगाचे व्हायचे असेल, तर आधी लपवणे संपले पाहिजे, एवढे मला कळते. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखी आणखी मुले असतील. ती हसून वेळ मारून नेत असतील. त्यांना मी सांगेन, कागद जाळू नका. आणि ज्यांना काहीच झालेले नाही, त्यांनी लग्नाच्या पत्रिकेआधी एकदा रक्त तपासून घ्यावे. आमच्या भागात गुण जुळण्यापेक्षा ते अधिक निकडीचे आहे.

आणि सर, तुम्ही विचारले होते, पाहुण्या म्हणून आलात का? नाही सर. इथलीच आहे. महिन्यातले काही दिवस तेवढे दुसरीकडे हजेरी लावावी लागते.

(तृतीय वर्ष, कला)